‘दार लाव’मधला मी

“काका, ‘दार लाव’मधला मी पोरगा हाय का पोरगी?”

माइकमधून माझा आवाज एवढा मोठा आला की मीच दचकलो. हॉल खदाखदा हसला. मागून एक पोरगा ओरडला, “समोर स्टेजवर बसलाय की पोरगा! गाणाऱ्या काकांचं पोट दिसंना व्हय?” माझ्या शेजारच्या तेजस्वी आणि अनुजा खुर्चीत खाली घसरल्या, तोंडावर ओढण्या घेऊन, जणू ही मुलगी आमच्या ओळखीचीच नाही. आणि त्यांनीच तर मला उभं केलं होतं! “तुझ्यात दम असला तर विचार,” तेजस्वी म्हणाली होती. कुणी असं डिवचलं की मी उठतोच. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचो. यंदा वक्तृत्व स्पर्धेत नंबर आला, आणि तेव्हापासून माइक दिसला की माझे पाय आपोआप तिकडं वळतात.

बाहेरगावच्या वाचकांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. मी मुलगी आहे. नाव आदिती, इयत्ता दहावी. तरी मी ‘उठतो’ आणि ‘दचकलो’ लिहितोय, ती चूक नाही. कोल्हापुरात आम्ही पोरी अशाच बोलतो. माझी आई म्हणते, “मी भाजी आणायला गेलतो.” तिच्या भिशीतल्या सगळ्या बायका आलेल्या असतात, गेलेल्या असतात आणि दमलेल्या असतात, आणि प्रत्येक जण ‘मी दमलो’ म्हणते. निबंधात मी ‘गेले होते’ लिहितो, कारण मार्क पाहिजेत. हा निबंध नाही.

आता ‘भडंग’बद्दल. भडंग म्हणजे खायचा नव्हे, बँड. कॉलेजातल्या चार पोरांनी काढलेला आमच्या गावचा बँड. ‘दार लाव’ हा त्यांचा पहिला अल्बम, माझ्या जन्माच्या आधीचा, तेव्हा कॅसेट होती. नंतर त्यांनी आणखी दोन काढले, चकाचक स्टुडिओत, आणि ते कुणी ऐकत नाही. पण ‘दार लाव’ जाता जात नाही. तो कळंब्याच्या एका रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये रेकॉर्ड केलाय. ड्रम पत्र्याच्या पिंपासारखे वाजतात, गिटार मध्येच बेसूर होते आणि तिसऱ्या गाण्यात मागं चक्क एक कोंबडी ओरडते. तरी होस्टेलच्या गच्चीवर तोच, जिममध्ये तोच, प्रेमभंग झालेल्या प्रत्येकाच्या स्टेटसला तोच.

इतरांचं मला माहीत नाही. मला तो का आवडतो ते सांगतो. मी सातवीत असताना पहिल्यांदा इअरफोन घालून ते मुख्य गाणं ऐकलं,

गुंडू, दार लाव,
मी आलतो म्हणून सांगू नको.
सूर्य बुडाला, ताट उठलं,
माझं नाव आत बोलू नको.

आणि माझ्या अंगावर काटा आला. तोवर मी ऐकलेल्या सगळ्या गाण्यांत पोरी ‘आले’ आणि ‘गेले’ होत्या. नटून, लाजून. हा पहिला ‘मी’ होता जो माझ्यासारखा बोलत होता. गाणारा बाप्या होता हे मला कळत होतं, पण शब्द माझ्या तोंडातले होते. मी रडलो पण, कशासाठी ते ठाऊक नसताना.

या गाण्यावर लोकांनी डोकी फोडून घेतलीत. गुंडू कोण? कुणी म्हणतं, कानडीत गुंडू म्हणजे बंदुकीची गोळी. कुणी म्हणतं दारू. पुण्याच्या एका दादाने लांबलचक व्हिडिओ केलाय, की सूर्य बुडणे म्हणजे आयुष्यातली आशा संपणे आणि ताट उठणे म्हणजे समाजाने नाकारणे. मलाही ते पटलं होतं.

आणि माझ्या मनात हा प्रश्न वळवळत होता त्याला दुसरंही कारण होतं. घरात पुण्याचं चाललं होतं. दहावी झाली की मी पुण्याला जायचं, राजमती आत्तीच्या घरी राहायचं आणि तिथंच अकरावी-बारावी करायची, असं पप्पांच्या मनात होतं. आत्ती म्हणजे पप्पांची थोरली बहीण. ती ‘मी आले’, ‘मी केले’ असं बोलते, रेडिओवरच्या बाईसारखं. “तिच्यात राहिलीस की भाषा पण सुधारंल,” पप्पा म्हणायचे. भाषा सुधारायची म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी मला सोडून द्यायचं आणि दुसरीच कुणीतरी होऊन परत यायचं. मी नाही म्हणून बसलो होतो. दिवाळी होईपर्यंत विचार कर, एवढी सवलत मिळाली होती.

तर अल्बमला वीस वर्षं होऊन गेली म्हणून दसरा चौकाजवळच्या त्या हॉलमध्ये ‘भडंग’वाले पुन्हा एकत्र आले होते. आधी गाणी आणि मग प्रश्नोत्तरं. गाणारे धैर्यशील काका आता दूध थंड करायची यंत्रं विकतात. केस गेलेत, पोट आलंय, पण आवाज तसाच आहे.

हसू ओसरेपर्यंत ते थांबले. पाणी प्यायले. मग माइक तोंडाजवळ घेतला.

“पोरगी,” ते म्हणाले.

मागच्या रांगेतली पोरं पुढं वाकली.

“लिहिणारी पोरगी हुती. ती ‘आलतो’ म्हणायची, म्हणून मी ‘आलतो’ गायलो. मी गायलो म्हणल्यावर सगळ्यांनी धरून चाललं, पोराचंच हाय. आमी पण कधी सांगितलं न्हाय. कॅसेटवर ‘शब्द : भडंग’ एवढंच छापलं.”

“नाव काय तिचं?” मघाचाच पोरगा.

“नाव घालू नका म्हणलीती. अजून पण घालत न्हाय.” ते माझ्याकडं बघत होते. “एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच न्हाय बघ, बाळ. सगळे गिटारीचं विचारत्यात.”

“मग सूर्य बुडाला म्हणजे काय, काका?” मी माइक सोडलाच नव्हता.

“सूर्य बुडाला म्हणजे सूर्य बुडाला! जैनाची पोरगी ती. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवत्यात. आमची प्रॅक्टिस संपायची अंधारात. ती घरी पोचंस्तोवर ताटं उठलेली. मग उपाशी झोपायची. आमी गाढवं, एक दिवस कधी म्हणलो न्हाय, की जरा लवकर संपवू या.”

लोक पुन्हा हसले. पुण्याच्या दादाच्या व्हिडिओचं सगळ्यांना आठवलं असणार. मी हसलो नाही. आमच्याही घरात दिवस मावळायच्या आत जेवतात.

“आन गुंडू?”

“गुंडू तिचा धाकटा भाऊ.”

मी खाली बसलो. गुंडू काय, आमच्या जैनांत घरटी एक असतो. पण माझ्या घरातला मला माहीत होता. दर रविवारी पुण्याहून फोन येतो आणि मिशीवाल्या, चष्मेवाल्या, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवणाऱ्या माझ्या पप्पांना आत्ती विचारते, “गुंडू, बरा आहेस ना?” मला ती नेहमी गंमत वाटायची. बघा, आपल्या घरातपण एक गुंडू, गाण्यातल्यासारखा!

“काय झालं गं?” तेजस्वी कानात कुजबुजली. “जिंकलास की तू! पार्टी आमच्याकडं. तोंड कशाला पाडलंयस?”

मी माइक तिच्या हातात दिला आणि बाहेर आलो.

पप्पा न्यायला आले. मी गाडीवर मागं बसलो. सायबर चौकाच्या अलीकडं म्हटलो, “पप्पा, गाडी थांबवा.”

“का गं? मळमळतंय?”

“न्हाय. गाण्यातला गुंडू तुम्हीच का?”

गाडी आधीच थांबली होती, तरी त्यांनी दोन्ही ब्रेक आवळून धरले. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. “ओ पावणं, बाजूला घ्या की!” पप्पांनी गाडी कडेला घेतली, स्टँड लावला आणि हेल्मेट तसंच डोक्यात ठेवून बोलले. हेल्मेट काढलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं, असं मला आता वाटतं.

“कुणी सांगितलं?”

“त्या काकांनी. नाव न्हाय घेतलं. मला कळलं.”

“आप्पांना पत्ता लागलाता, ती कळंब्याला पोरांच्यात जातीया.” आप्पा म्हणजे माझे आजोबा. “म्हणले, आज कडी घालायची. ती आली तरी उघडायचं न्हाय. मी कॉलेजात नुकताच गेल्याला. ती आली, हळूच कडी वाजवली. मी उघडली, एवढीशीच फट. आत आप्पा बसल्याले. तिनं माझं तोंड बघितलं. मी लई भ्यालतो गं. तर म्हणली, ‘गुंडू, दार लाव. मी आलतो म्हणून सांगू नको.’”

“मग?”

“मग काय. लावलं.”

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मला वाटलं आता पुढं काहीतरी असेल, पण ते तेवढंच होतं.

“त्या दिवशी मैत्रिणीच्या घरी राहिली. गाणं तिथंच लिहिलं आसंल,” पप्पा म्हणाले. “नंतर लगीच पुण्याचं स्थळ आलं. चांगली माणसं हायत ती, वाईट न्हाईत. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती बाहेरनं आली आन म्हणली, ‘मी आलो.’ तर सगळं घर हसलं. सासू म्हणली, ‘आले का आमचे राजेसाहेब!’ मग तेच नाव पडलं. राजेसाहेब चहा घेणार का, राजेसाहेब न्हाले का. मायेनंच म्हणायचे ते. पहिल्या दिवाळीला ती हिकडं आली, तवर ‘मी आले’ म्हणाया लागलीती. आप्पा लई खूश झाले. म्हणले, बघा, कशी सुधारली.”

“तुम्ही गाणं ऐकलंय?”

“रिक्षात लागतंय की गं ते.”

“मग?”

“मग मी उतरतो.”

भाऊबीजेला आत्ती आली. पुण्याच्या काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला घेऊन, नेहमीसारखी, नीट इस्त्रीची साडी आणि पिशवीत बाकरवडी. पप्पांना ओवाळताना म्हणाली, “गुंडू, केस पांढरे झाले रे तुझे.” पप्पांनी मान वर केलीच नाही. आई माझ्याकडं बघत होती, कारण मी सकाळपासून एक शब्द बोललो नव्हतो आणि आमच्या घरात ती काळजीची गोष्ट असते.

दुपारी आत्ती स्वयंपाकघरात एकटीच चकल्या डब्यात भरत होती. मी गेलो आणि तिच्यासमोर फोन ठेवला. स्क्रीनवर ‘दार लाव’च्या कव्हरवरचं चित्र होतं, उघड्या दाराचं.

“आत्ती, हे तू लिहिलंयस.”

चकली मोडली. तिनं ते तुकडे गोळा करून वेगळ्या वाटीत ठेवले.

“मी नव्हते गं ती,” ती म्हणाली.

ती खोटं बोलली, ते मला चाललं असतं. मी पण बोलतो. पण ती ‘नव्हते’ म्हणाली. गाण्यातली पोरगी असती तर ‘मी न्हवतो’ म्हणाली असती. मला वाटलं, ही खरंच बोलतेय. गाण्यातली ती ही नाहीच.

“ऐक तरी,” मी म्हटलो. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. ओट्याला टेकून आम्ही सगळा अल्बम ऐकला. तिचे ओठ हलत होते. प्रत्येक ओळ तिला यायची. धैर्यशील काकांनी जिथं श्वास घेतलाय तिथं तीही घ्यायची. फक्त ‘मी आलतो’ आलं की ओठ मिटायचे, आणि ते शब्द संपले की पुन्हा हलायला लागायचे. ते बघून मला लई काहीतरी झालं. कुणाच्या तरी हातातून भांडं पडतंय आणि आपण लांब उभं आहे, तसं.

तिसऱ्या गाण्यात कोंबडी ओरडली. आत्ती एकदम हसली.

“ती कोंबडी आम्हाला शेवटपर्यंत सापडलीच नाही,” ती म्हणाली.

मी माझ्या कानातला इअरफोन काढला.

“आत्ती, नाव का न्हाय घातलंस?”

“आप्पा होते. आणि मग पुण्याचं घर.” तिनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. “तुला सांगते, लग्नानंतर एकदा मंडईत उभी होते. पोरांचा घोळका हेच गाणं म्हणत चालला होता. एक जण छातीवर हात ठेवून, ‘मी आलतो.’ किती सुंदर वाटलं त्याच्या तोंडी! सगळे वाहवा करत होते. तेच मी घरात म्हटलं तर हसायचे. शब्द तोच, आदिती. त्याच्या तोंडी गाणं, माझ्या तोंडी चूक. मग मी म्हटलं, जाऊ दे, त्यांचंच असू दे.”

“आत्ता म्हण की. इथं कोण हसतंय? मी रोज म्हणतो. म्हण, ‘मी आलतो.’”

“काहीतरीच.”

“एकदाच. माझी शपथ हाय.”

तिनं दाराकडं बघितलं. मग भिंतीकडं. तोंड उघडलं. “मी आल…” तिथंच थांबली. पुन्हा म्हणून बघितलं. पुढचं अक्षर येईना. लहान मूल नवीन शब्द शिकताना जीभ कुठं ठेवायची ते शोधतं ना, तशी ती शोधत होती. एवढं मोठं माणूस, एवढी गाणी लिहिलेलं.

“नाही गं येत आता,” ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज रेडिओवरच्या बाईचाच होता. “तोंडात बसत नाही. कुणाचं तरी उसनं घेतल्यासारखं वाटतं.”

बाहेरून पुण्याच्या काकांचा आवाज आला, “अगं, निघायचं ना? घाटात अंधार होईल.”

“आले, आले!” ती म्हणाली आणि डोळे पुसून गेली.

तो शब्द मी आयुष्यात हजार वेळा ऐकलाय. त्या दिवशी मला तो ऐकवेना. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. माझी आवडती सगळी गाणी जिनं लिहिली, ती माझ्या घरात बसून चकल्या भरत होती. माझ्यासारखं बोलणारी जगातली पहिली ‘मी’ मला सापडली, आणि तिच्याकडं तिची बोली उरली नव्हती. मला तिचा राग पण आला. मग पप्पांचा. मग होस्टेलच्या गच्चीवर गळे काढणाऱ्या सगळ्या पोरांचा. मग कळलं की त्यांचा राग धरण्यात अर्थ नाही. त्यांना ते गाणं आपलं वाटतं, मला आपलं वाटतं. कोल्हापूरच्या पोरीनं लिहिलं म्हणूनच तर त्यातला ‘मी’ कुणालाही होता येतं. सगळ्यांना होता आलं. तिलाच तेवढं येईना.

आत्तीची गाडी गेली. पप्पा किती तरी वेळ फाटकाशी उभे होते.

चार दिवस मी विचार केला. एवढा सलग मी गणिताचा पण करत नाही. तेजस्वीला काही सांगितलं नाही. नाव घालू नका असं आत्तीनं म्हटलंय, मग मी ते वर्गात वाटणार नाही. (इथली नावं पण मी बदललीत. शोधू नका.) पण घरातल्या घरात जे करता येतं ते मला दिसलं.

संध्याकाळी, अजून उजेड असताना, आम्ही जेवायला बसलो होतो. आई भाकरी वाढत होती. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हटलो, “पप्पा, आई, ऐका. मी पुण्याला जातो. आत्तीच्यात राहतो.”

आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. “मी तर पहिल्यापासनं म्हणतोय, पोरीला जाऊ द्या. पण तू तर डोकं आपटून घेत हुतास!”

“दिवाळी झाली की ठरवायचं म्हणलाता. ठरवलं.”

पप्पांचा चेहरा उजळला, पण नीट नाही, भीतभीत. “चांगलं झालं. आत्तीच्या संगतीनं तुझी भाषा…”

“भाषेचं नाव काढू नका, पप्पा. माझी भाषा सुधारणार न्हाय. ती सुधारू नये म्हणूनच जातोय. त्या घरात मी रोज कॉलेजातनं आलो की दारातनं मोठ्यानं ओरडणार, ‘आत्ती, मी आलो!’ म्हणून. मी जेवलो, मी दमलो, मी नापास झालो, सगळं तसंच म्हणणार. काका हसले तर हसू देत. राजेसाहेब म्हणले तर ओ देणार. दोन वर्षं तिच्या कानावर हेच पडलं पायजे, दिवसभर, आपल्या घरातल्या पोरीच्या तोंडनं. आन ते तिच्या तोंडात परत बसलं न्हाय, तर तिसऱ्या वर्षी पण मी तिथंच राहणार हाय. फी भरायची तयारी ठेवा.”